मोरेव्हियन बेथलेहेम: छायाचित्र चुकले, वर्णनही अपुरे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जागतिक वारसास्थळांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये मिळालेल्या मानांकनाची माहिती त्यात व्यवस्थित आहे. मात्र अनेक ठिकाणे मिळून यादीत एकच नोंद कशी होते, याचे दुसरे उदाहरण म्हणून लेखकाने ‘मोरेव्हियन चर्च वसाहती’ घेतल्या आणि जुन्या चर्चांची चार गावे अशा अर्थाच्या एका वाक्यात त्यांची बोळवण केली. त्यांपैकी बेथलेहेमच्या नावाखाली छापलेले छायाचित्र तर पॅलेस्टाइनमधल्या बेथलेहेमचे, येशूच्या जन्मस्थानावरील चर्चचे आहे. ते बेथलेहेमही २०१२ पासून याच यादीत असल्याने अशी गल्लत होऊ शकते आणि तेवढ्यासाठी मी पत्र लिहिले नसते. परंतु गेली काही वर्षे वर्षातले पाच-सहा महिने माझा मुक्काम मुलीकडे, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेमला असतो, आणि या गावाचे वर्णन ‘जुने चर्च’ असे केले की त्यातले वारसा म्हणण्याजोगे जवळपास सगळेच निसटते, असे माझे मत झाले आहे.

आधी नोंदीविषयी. डेन्मार्कमधील क्रिस्टियान्सफेल्ड हे मोरेव्हियन गाव २०१५ साली एकटेच यादीत आले होते. पुढे जर्मनीतील हेर्नहूट, उत्तर आयर्लंडमधील ग्रेसहिल आणि अमेरिकेतील बेथलेहेम ही तीन गावे त्याला जोडण्याचा निर्णय २६ जुलै २०२४ रोजी झाला, आणि तो झाला आपल्या नवी दिल्लीत, जागतिक वारसा समितीच्या शेहेचाळिसाव्या अधिवेशनात. त्याच अधिवेशनात आसामच्या मोइदामांना, म्हणजे अहोम राजघराण्याच्या दफन-टेकाडांना, मान्यता मिळाल्यामुळे आपल्याकडच्या बातम्यांत ते स्वाभाविकच पुढे राहिले. चार देशांतल्या चार गावांची ही नोंद मात्र दिल्लीत होऊनही दिल्लीत फारशी कोणाच्या लक्षात आली नसावी.

मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाचे नाव मराठी वाचकाला अपरिचित असले, तरी अध्यापक विद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाने त्यांच्या एका बिशपचे नाव परीक्षेत लिहिलेले असते. लहान मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक तयार करणारा कोमेनियस (१५९२ ते १६७०) हा, ज्या जुन्या बंधुसंघातून हा पंथ निघाला, त्याचा अखेरचा बिशप. धर्मसुधारक यान हुस याला १४१५ साली जाळण्यात आल्यानंतर बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, त्याच्या अनुयायांनी १४५७ मध्ये हा संघ स्थापन केला होता. बोहेमियातील प्रोटेस्टंटांच्या १६२० च्या पराभवानंतर त्याची पांगापांग झाली आणि उरलेले लोक शंभर वर्षे लपूनछपून आपली उपासना करीत राहिले. त्यांच्यातलीच काही कुटुंबे सरहद्द ओलांडून सॅक्सनीत काउंट त्सिन्त्सेनडोर्फ याच्या जमिनीवर आली आणि ख्रिस्टियान डाव्हिड नावाच्या सुताराने १७ जून १७२२ रोजी पहिले झाड तोडून हेर्नहूटची सुरुवात केली. कोमेनियसचा नातू याब्लोन्स्की याने १७३५ मध्ये डाव्हिड निचमान या दुसऱ्या सुताराला बिशपची दीक्षा दिली, आणि हा निचमान बेथलेहेमच्या उभारणीत अगदी पहिल्या दिवसापासून होता. तीस वर्षे कोमेनियसवर टाचणे काढून देणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेला हा धागा इथे येईपर्यंत ठाऊक नव्हता, हे कबूल करायला हवे.

आता मुख्य मुद्दा. मोनोकसी ओढा लीहाय नदीला मिळतो त्या ठिकाणी वसाहत सुरू झाली १७४१ साली, आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री त्सिन्त्सेनडोर्फने तिला बेथलेहेम हे नाव दिले. पांढऱ्या मनोऱ्याचे जे भव्य चर्च पर्यटकांना दाखवतात, ते मात्र बांधून झाले १८०६ मध्ये. मधल्या पासष्ट वर्षांत या लोकांनी जे उभारले, चालवले आणि मोडलेही, त्याच्यासाठी या गावाचे महत्त्व आहे. चर्च बांधले जात होते तेव्हा ती मूळ व्यवस्था संपून चाळीस वर्षे होऊन गेली होती.

ती व्यवस्था अशी. १७४२ ते १७६२ या वीस वर्षांत गावात कोणालाही मजुरी मिळत नसे. प्रत्येकाने आपले श्रम समाजाला द्यायचे आणि समाजाने त्याचे अन्न, वस्त्र, निवारा, आजारपण आणि मुलांचे शिक्षण पाहायचे. प्रत्येकाची स्वतःची जी मालमत्ता असेल ती त्याचीच राहत असे, म्हणून याला सरसकट साम्यवाद म्हणणे बरोबर होणार नाही. एकत्र होते ते श्रम आणि स्वयंपाकघर. राहण्याची वाटणीही कुटुंबावर नव्हती. अविवाहित पुरुष, अविवाहित स्त्रिया, विवाहित, विधवा, विधुर, मुलगे, मुली असे गट होते आणि त्यांना ‘क्वायर’ म्हणत. त्याचा गाण्याच्या वृंदाशी घोटाळा करू नये. प्रत्येक क्वायरचे राहणे, काम आणि प्रार्थना वेगळी असे. स्त्री कोणत्या क्वायरमधली आहे ते तिच्या टोपीच्या फितीवरून ओळखू येई: मुलींची लाल, अविवाहितांची गुलाबी, विवाहितांची निळी आणि विधवांची पांढरी. मुले दीड-दोन वर्षांची झाली की आईपासून दूर सामायिक पाळणाघरात जात. यामुळे आया शेतात, विणकामात, रुग्णसेवेत आणि कारभारातही मोकळ्या झाल्या, हे खरे. मुलापासून तुटलेल्या एखाद्या आईला त्याचे काय वाटत असेल, हा प्रश्न मला त्या जुन्या पाळणाघराची माहिती ऐकताना प्रत्येक वेळी छळतो.

गावातल्या इमारती या व्यवस्थेतूनच निघाल्या आहेत. सर्वांत जुने ‘गेमाइनहाउस’ म्हणजे समाजगृह. १७४१ मध्ये सुरू केलेल्या या लाकडी ओंडक्यांच्या मोठ्या इमारतीत आरंभी राहणे, जेवणे, उपासना आणि कारभार सगळे एकाच छपराखाली चाले. आज तिच्यात संग्रहालय आहे. बाहेरून फळ्या ठोकल्यामुळे आतले ओंडके दिसत नाहीत आणि अनेकजण तिला साधे घर समजून पुढे जातात. १७४४ चे दगडी घर अविवाहित बंधूंसाठी बांधले गेले. १७४८ मध्ये त्यांच्यासाठी आणखी मोठे घर झाले तेव्हा जुने घर भगिनींना मिळाले. बंधूंच्या या मोठ्या घरात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सैन्याचे रुग्णालय होते आणि आता तिथे मोरेव्हियन विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. ही घरे काचेच्या पेटीतली नाहीत. मी संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा त्यांच्या खिडक्यांतून व्हायोलिनचा रियाज ऐकू येतो, आणि वारसा टिकवण्याचा याहून बरा मार्ग मला तरी माहीत नाही.

ओढ्याच्या काठी त्यांचा उद्योग-भाग होता. १७४७ पर्यंत गावात पस्तीसच्या आसपास धंदे चालत होते, आणि त्यांपैकी कातडी कमावण्याचा कारखाना (१७६१) आणि पाणीपुरवठ्याची इमारत (१७६२) आजही उभी आहे. या पाण्याच्या कामाची मला विशेष मौज वाटते. झरा खाली ओढ्याकाठी आणि वस्ती वर टेकडीवर, त्यामुळे बायकामाणसांना घागरी भरून चढण चढावी लागे. हान्स क्रिस्टोफर क्रिस्टियान्सेन या कारागिराने १७५५ मध्ये ओढ्याच्या प्रवाहावर फिरणाऱ्या चाकाने पंप चालवून, लाकडाच्या ओंडक्यांना आरपार भोके पाडून केलेल्या नळांतून ते पाणी वर हौदापर्यंत चढवले. इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींत पंपाने गावाला पाणी देण्याची ही पहिली व्यवस्था मानली जाते. आणि हाच परिसर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडक्या मोटारींचे आगार होऊन बसला होता! तो साफ करून जुन्या भिंती बाहेर काढल्या गेल्या त्या गावकऱ्यांच्या चिकाटीमुळे; जागतिक यादीचा त्यात काही भाग नव्हता, कारण ती यादीच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

चर्चच्या मागे थोड्या अंतरावर दफनभूमी आहे, तिला ‘गॉड्स एकर’, म्हणजे देवाचे शेत, म्हणतात. माझ्या मते या वसाहतीचा सगळा विचार दगडावर वाचायचा असेल तर तो इथे वाचता येतो. १७४२ ते १९१० या काळातल्या इथल्या थडग्यांवर ना क्रूस आहेत, ना पुतळे, ना उंच चौथरे. जमिनीसरशी आडव्या ठेवलेल्या सारख्या मापाच्या शिळा, त्यांवर क्रमांक, नाव, जन्मस्थळ आणि दोन तारखा, एवढेच. पती-पत्नी शेजारी नाहीत, घराण्याचे आवार नाही; जिवंतपणी ज्या क्वायरमध्ये होते त्याच क्वायरच्या रांगेत, मृत्यूच्या क्रमाने माणसे पुरलेली आहेत. त्यामुळे बिशपच्या जवळच चांभार येतो, आणि युरोपातून आलेल्यांच्या रांगेत मोहिकन आणि लेनापे या तिथल्या आदिवासी जमातींतले ख्रिस्ती येतात, आफ्रिकेतून धरून आणलेली माणसेही येतात. कोणी वारले की मनोऱ्यावरून ट्रोम्बोन वाजवून गावाला कळवत, आणि धून कोणती आहे त्यावरून मृत व्यक्ती कोणत्या क्वायरमधली हे लोकांना समजे. ईस्टरच्या पहाटे याच दफनभूमीत ट्रोम्बोनच्या सुरांत आजही उपासना होते. मागल्या वर्षी मी कडाक्याच्या थंडीत शाल पांघरून ती पाहायला गेले होते, तेव्हा एका वृद्ध बाईंनी, मी कोण, कुठली हे न विचारता हातात गरम कॉफीचा पेला ठेवला.

पण मातीखालच्या या समतेवर भाळून जाऊ नये. येथील आन्द्रेयास नावाचा माणूस आफ्रिकेतील इग्बो समाजात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याला १७७९ मध्ये इतर बंधूंबरोबर सारखी शिळा मिळाली खरी, पण बेथलेहेममध्ये त्याचे मालक मोरेव्हियनच होते. त्याची पत्नी माग्दालेना हिची कहाणीही गुलामगिरीतूनच सुरू होते. ती १८२० पर्यंत जगली. या पंथाचे पहिले दोन धर्मप्रसारक, लेओनार्ड डोबर हा कुंभार आणि वर उल्लेखिलेला निचमान, १७३२ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांनाच उपदेश करण्यासाठी गेले होते, आणि पुढे काही वर्षांतच त्या मिशनने गुलामांसकट मळा विकत घेतला. जमिनीचेही तसेच. ज्या प्रदेशात बेथलेहेम वसले तो १७३७ च्या ‘वॉकिंग पर्चेस’ या कुप्रसिद्ध व्यवहारात, दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन या कराराखाली निवडक धावपटू पळवून, लेनापे लोकांकडून लाटलेला होता. मोरेव्हियनांनी तो कट केला नाही. त्यांनी पुढच्या मालकाकडून रीतसर पैसे मोजून जागा घेतली, आणि आदिवासींशी त्यांचे वागणे आसपासच्या वसाहतवाल्यांपेक्षा पुष्कळ माणुसकीचे होते. त्याची किंमतही त्यांनी मोजली: १७५५ मध्ये लीहायच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या ग्नाडेनह्युटेन या ठाण्यावर हल्ला होऊन तिथले बंधुभगिनी मारले गेले. आणि त्याच नावाच्या ओहायोतील गावात ८ मार्च १७८२ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या गोऱ्या शिबंदीने ९६ निःशस्त्र ख्रिस्ती आदिवासींची, त्यांत बायका आणि मुले होती, प्रार्थना करीत असताना कत्तल केली. बेथलेहेमजवळ ख्रिस्ती आदिवासींसाठी १७५८ मध्ये वसवलेल्या नाइन नावाच्या वस्तीतले केवळ एक घर गावात हलवले गेल्यामुळे उरले आहे. चर्चच्या मनोऱ्याचे छायाचित्र घेणाऱ्या शंभरांपैकी दोघेतरी त्या घरापाशी थांबतात का, याची मला शंका आहे.

हे सगळे आपल्याला माहीत होते ते एका सवयीमुळे. मोरेव्हियन माणसे लिहून ठेवत. गावाची रोजनिशी १७४२ पासून शंभराहून अधिक वर्षे अखंड लिहिली गेली, आणि प्रत्येक सदस्याने आपले जीवनचरित्र लिहावे किंवा सांगून लिहवून घ्यावे, आणि ते त्याच्या अंत्यविधीच्या वेळी वाचले जावे, असा शिरस्ता होता. आन्द्रेयास आणि माग्दालेना यांच्याही अशा कथा दप्तरात आहेत. अठराव्या शतकातल्या गुलाम स्त्रीपुरुषांची स्वतःची हकिगत इतक्या सहजासहजी कुठे मिळत नाही. ज्यांनी त्यांना विकत घेतले त्यांच्याच नियमामुळे ती उरली, हा विरोधाभास मला अजून नीट पचवता आलेला नाही. बेथलेहेम आणि हेर्नहूट येथील दप्तरखाने हा या वारशाचा दगडमातीइतकाच मोठा भाग आहे आणि लेखात त्याचा उल्लेख हवा होता. हेर्नहूट गाव मे १९४५ मध्ये मोठ्या प्रमाणावर जळाले, उपासनागृह नंतर नव्याने बांधावे लागले, हे लक्षात घेतले की कागद टिकणे किती योगायोगाचे असते ते समजते.

बाकीच्या दोन गावांविषयी थोडक्यात. क्रिस्टियान्सफेल्ड १७७३ मध्ये डेन्मार्कच्या सातव्या क्रिस्टियान राजाच्या परवान्याने वसले, पिवळ्या विटांची ती घरे अजून वापरात आहेत, आणि डेन्मार्कमध्ये एरवी काही वर्षांनी थडग्याची जागा पुन्हा दिली जाते तसे तिथल्या मोरेव्हियन दफनभूमीत होत नाही. तिथली मधाची बिस्किटे अठराव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत. ग्रेसहिल १७५९ चे, त्या चौघांत सर्वांत लहान. पुरुष आणि स्त्रिया यांच्या थडग्यांमधून जाणारी वाट तिथेही आहे.

भारताशी असलेला संबंध मात्र लेखात अजिबात आला नाही, आणि मराठी वाचकाला तोच जवळचा वाटला असता. १७६० मध्ये मोरेव्हियनांची पहिली तुकडी तमिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबार, म्हणजे आजच्या तरंगंबाडी, येथील डॅनिश ठाण्यात उतरली; त्या वेळी तंजावरच्या गादीवर प्रतापसिंह भोसले होते आणि डॅनिश लोक त्या ठाण्याबद्दल तंजावरला खंडणी देत असत. तिथून ते १७६८ मध्ये निकोबारला गेले आणि रोगराईने एकामागून एक मेले. हे दोन्ही प्रयत्न शतक संपण्याच्या सुमारास मावळले. टिकले ते हिमालयातले काम. मंगोलियाला जायला निघालेले पागेल आणि हाइडे हे दोघे वाट न मिळाल्यामुळे लाहौलमध्ये थांबले आणि १८५० च्या दशकात केलाँगला त्यांचे ठाणे झाले. तिथे येश्के याने तिबेटी भाषेचा अभ्यास करून तयार केलेला कोश १८८१ मध्ये छापला गेला आणि तो अभ्यासक अजून उघडतात. मारिया हाइडे यांनी तिथल्या बायकांना विणकाम शिकवले. लाहौलच्या रंगीत लोकरी मोज्यांना आता भौगोलिक मानांकन आहे. १८८५ मध्ये लेहला ठाणे आले, शाळा आणि दवाखाना आला, १९०४ मध्ये फ्रांके याने तिबेटी लिपीत एक मासिक वृत्तपत्रही काढले. लेहमधली ती शाळा आणि छोटीशी मंडळी आजही आहे. लडाखला दरवर्षी इतके मराठी प्रवासी जातात, पण लेहच्या बाजारापासून जवळच असलेल्या त्या चर्चकडे जाणारा एकही अजून मला भेटलेला नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेने युनेस्कोतून डिसेंबर २०२६ अखेर बाहेर पडण्याचा निर्णय जुलै २०२५ मध्ये जाहीर केला, त्यावरून बेथलेहेमचे मानांकन जाणार, असे इथल्या काही मराठी मंडळींनीही मला सांगितले. वारसास्थळांचा करार १९७२ चा, स्वतंत्र आहे आणि त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश अमेरिकाच होता. संघटनेचे सदस्यत्व सोडल्याने स्थळ आपोआप यादीतून निघत नाही. पुढच्या लेखात याविषयी लिहिले जाईल तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे.

आपण दुरुस्ती छापणार असाल तर चर्चच्या मनोऱ्याचे चित्र मात्र कृपया घेऊ नये. गॉड्स एकरमधल्या शिळांच्या रांगेचे एक छायाचित्र मी सोबत पाठवत आहे. पावसाने बऱ्याच शिळांवरची नावे पुसट झाली आहेत, क्रमांक तेवढे वाचता येतात. नावे दप्तरातल्या नोंदवहीत मिळतात.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका
सातारा (सध्या मुक्काम बेथलेहेम, पेनसिल्व्हेनिया)